पंपाला दमा लागला, तेव्हा

मी एक जुनी रबरी नळी आहे. लांबी तुमच्या हाताएवढी, जाडी अंगठ्याएवढी. रंग काळा, अंगावर भेगा, आणि एका टोकाला अजूनही डांबराचा वास. मला बघून कुणी "वा!" म्हणावं अशी माझी अपेक्षा नाही. सध्या मी दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या कोर्पिवारा गावात, पेट्रोल पंपाच्या खोलीत एका खिळ्यावर लटकते आहे. खोली उबदार आहे, खिडकीतून रस्ता दिसतो आणि दिवसभर माणसांचं बोलणं कानावर पडतं. गाडीच्या पोटाखाली चिखल खात वर्षं काढल्यावर याहून जास्त काय मागायचं?

मित्रांनो, गाडीच्या टाकीत पेट्रोल असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पेट्रोल संपतं तेव्हा टाकीत काय असतं? "काही नाही" म्हणालात तर फसलात. तेव्हा तिथे हवा असते, अगदी ठासून. पेट्रोल आत यायचं असेल तर त्या हवेला बाहेर जायला हवं, आणि तिला बाहेर जायला वाट हवी. टाकीतली हवा आधी कोळशाच्या एका डब्यातून जाते. तो डबा पेट्रोलचा वास आपल्याकडे ठेवून घेतो. मग उरलेली चांगली हवा माझ्यातून बाहेर पडते. माझं एक टोक त्या डब्याला, दुसरं मागच्या चाकाच्या आड, उघड्यावर. गाडी चालते, पेट्रोल खर्च होतं, तेव्हा तीच हवा माझ्यातून परत आत येते. थोडक्यात सांगायचं तर मी गाडीचं नाक. पण नाकासारखी समोर नाही, कुणाला दिसणार नाही अशा जागी.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. आम्ही तिथे भल्यामोठ्या वेटोळ्यात एकमेकींना चिकटून होतो आणि आपण एकच आहोत असं आम्हाला वाटत होतं. मग सुरी आली आणि आम्ही पुष्कळ झालो. माझ्या काही बहिणी पाणी वाहायच्या कामाला गेल्या, काही तेल वाहायच्या. माझ्या वाट्याला हवा आली. सुरुवातीला मला वाईट वाटलं, खोटं का बोलू? हवा म्हणजे काय, ना रंग ना वजन. पुढे कळलं की सगळ्यात हलकं ओझं आपल्याला मिळालंय, आणि मी गप्प बसले.

मला एका लाल गाडीत बसवलं. ती गाडी हिल्का आणि एस्को या नवराबायकोनं घेतली. त्यांचं घर कोर्पिवाराच्याही पलीकडे, मातीचा रस्ता तळ्यापाशी संपतो तिथे आहे. गाडीनं काय काय वाहिलं म्हणून सांगू! लाल बेरींच्या बादल्या, सरपण, एल्क नावाच्या भल्यामोठ्या हरणाच्या मांसाचा वाटा, एकदा तर चुकलेलं वासरू. एस्को दर वसंतात गाडीखाली सरपटत जायचा आणि एकेक भाग चाचपून बघायचा. एकदा त्यानं मला दोन बोटांत दाबलं आणि म्हणाला, "ही पोरगी अजून धडधाकट आहे." साऱ्या आयुष्यात माझं झालेलं कौतुक ते एवढंच. मी ते अजून पुरवून पुरवून वापरते.

एस्को गेला. त्यानंतर हिल्का एकटी गाडी चालवू लागली. तिचा मुलगा दक्षिणेत राहतो. तो फोनवर दर रविवारी एकच तुणतुणं वाजवायचा, "आई, शहरात फ्लॅट घे." हिल्काचंही उत्तर ठरलेलं, "घरी सरपण आहे, तळं आहे, गावात पंप आहे. मला काय धाड भरलीय?"

त्या पंपाचंही सांगायला हवं. कोर्पिवारातली शाळा बंद झाली, मग टपाल, मग दुकान. पंपही जाणार होता. तेव्हा गावकऱ्यांनी ग्रामसंघ काढून तो स्वतःच चालवायला घेतला. त्याची देखभाल ओइवाकडे आली. ओइवा जन्मभर रस्ते सपाट करायचं यंत्र चालवून निवृत्त झालेला, अंगानं आडवा, बोलायला महाकंजूष. तो पंपाच्या खोलीत कॉफीची किटली गरम ठेवायचा. आपल्या हातानं पेट्रोल भरायचं, आत यायचं, कॉफी प्यायची आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायचं, हा तिथला शिरस्ता. हिल्का आणि ओइवा असे तास तास बसत. मी बाहेर गाडीखाली असायचे, पण दार उघडं असलं की ऐकू यायचं. ऐकू यायचं म्हणजे फारसं काही नाहीच. "गारठा आला." "आला." मग बराच वेळ काही नाही. पण ती दोघं अगदी मजेत असत, हे त्यांच्या न बोलण्यावरूनसुद्धा समजे.

आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि उन्हाळ्यात मातीच्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून पुन्हा मीठच टाकतात. त्यामुळे गाड्यांचं पोट गंजानं पोखरतं. त्यावर उपाय म्हणून शरद ऋतू लागला की गावात श्रमदानाचा दिवस ठरतो. सगळे आपापल्या गाड्या घेऊन जुन्या बंबखान्यात येतात, बायका-पुरुष मिळून त्या धुतात, आणि ओइवा गाड्यांच्या पोटाला मेणाचं गंजरोधक मिश्रण फवारतो. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कधी कुणाचं बिघडलं नाही.

त्या वर्षी मात्र ओइवाच्या डोक्यात कल्पना आली. आमचा प्रांत म्हणजे पूर्वीपासून पाइनच्या लाकडाचं डांबर काढणाऱ्यांचा. डांबरावर इथल्या माणसांची श्रद्धा आहे. होड्यांना डांबर, छपराला डांबर, गाईच्या खुराला डांबर, अगदी गोड गोळ्यांतही डांबर. सौना म्हणजे वाफेची अंघोळ, दारू आणि डांबर यांनी जो बरा होत नाही त्याचं मरण आलं, असं इथले म्हातारे म्हणतात. तर ओइवानं त्याच्या आजाच्या भट्टीतलं उरलेलं डांबर मेणात ढवळलं.

"हे पुढच्या पिढीलाही पुरेल," तो म्हणाला. एका दमात एवढं बोललेलं त्याला कुणी पूर्वी ऐकलं नव्हतं, त्यावरून तो किती खूश होता ते समजा.

हिल्काच्या गाडीची पाळी आली तेव्हा त्यानं जास्तच माया केली. एस्को त्याचा जुना दोस्त होता ना! कानाकोपरा सोडला नाही. ते कोमट, सुगंधी मिश्रण माझ्या अंगावरून ओघळलं तेव्हा मलाही बरं वाटलं. पण थोडं माझ्या तोंडात गेलं. थुंकता मला येत नाही. पहिली थंडी पडली, ते आतल्या आत घट्ट झालं, आणि सुई जाईल एवढंच भोक उरलं. अति तिथे माती म्हणतात, इथे अति तिथे डांबर झालं.

त्यानंतर हिल्का पंपावर आली. पंपाच्या नळीची तोटी, म्हणजे नोझल, गाडीच्या तोंडात घातलं, दाबलं, आणि लगेच खट्! बंद. पुन्हा दाबलं. पुन्हा खट्! मित्रांनो, नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल तिथवर चढलं की टाकी भरली असं समजून ते आपोआप बंद होतं. टाकीतली हवा माझ्यापाशी येऊन अडत होती, म्हणून पेट्रोल खाली न जाता तोंडाशी उसळत होतं. नोझल बिचारं त्याच्या बुद्धीप्रमाणे वागत होतं. मी ओरडायचा प्रयत्न केला, पण तोंडच बंद असल्यावर ओरडणार कशी!

"ओइवा," हिल्का हाका मारायला लागली, "अरे तुझ्या पंपाला दमा लागलाय बघ!"

ओइवा दारात आला. "पंप ठणठणीत आहे. नोझल उलटं धर."

"उलटं धरलं."

"थोडं बाहेर ओढ."

"ओढलं! आता मी स्वतः उलटी होऊ का?"

खट्, खट्, खट्. पाऊस भुरभुरत होता, हिल्काचे हात गारठले होते, आणि दर खटक्याला ओइवाच्या कपाळावरची आठी वाढत होती. पंप म्हणजे त्याचा जीव. पंपाला कुणी नावं ठेवली की त्याला स्वतःलाच नावं ठेवल्यासारखं लागे.

"गाडीत खोट असेल," तो म्हणाला.

"माझ्या गाडीत? एस्कोच्या गाडीत?" हिल्काचा आवाज चढला. इकडे आवाज चढला म्हणजे तुमच्याकडे भांडी फुटल्यासारखं. ओइवा आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. त्या दिवशी कॉफी झाली नाही.

गोष्ट इथेच मिटली असती. पण एल्कच्या शिकारीचे दिवस होते. शिकाऱ्यांच्या पडवीत सगळं गाव सूप प्यायला जमलं होतं, आणि गाडी दाराशीच उभी असल्यानं मी सगळं ऐकलं. हिल्का सहज बोलून गेली, "ओइवाच्या पंपाला हल्ली दम लागतो." शिकाऱ्यांचा म्होरक्या आर्मास, गडगडाटी आवाजाचा, चमचा खाली ठेवून म्हणाला, "तुलाही तसंच होतं का? माझ्याकडे तर नुसती खटखट!" मग तिसरा म्हणाला, चौथी म्हणाली. एकाही गाडीत नीट पेट्रोल जात नव्हतं. म्हणजे खोट पंपातच, हे ठरून गेलं. सगळ्या गाड्यांच्या नाकात एकाच हाताचं डांबर आहे हे कुणाच्या ध्यानात यावं? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

ओइवानं पंप खोलला, गाळणी धुतली, नोझल बदललं. खटखट थांबेना. हळूहळू लोक पन्नास किलोमीटरवरच्या कायानी शहरात जाऊन पेट्रोल भरू लागले. आणि ग्रामसंघाच्या अध्यक्ष तूलिक्कीनं रविवारची सभा लावली. विषय एकच होता, पंप ठेवायचा की बंद करायचा.

हे ऐकून हिल्काला घास गोड लागेना. पंप गेला तर तिच्या मुलाचं खरं होणार होतं. हिवाळ्यात, बर्फातून, पेट्रोलसाठी शहरात जायचं आणि यायचं, हे तिच्या वयाला झेपणारं नव्हतं. आज ना उद्या तळं सोडून फ्लॅटमध्ये जावं लागलं असतं. आणि या सगळ्याला सुरुवात कुणी केली? तिच्याच जिभेनं. गाडी चालवताना ती स्वतःशी बोलायची, ते मी ऐकलेलं आहे.

सभेच्या आदल्या दिवशी तिची टाकी तळाला गेली. तीही कायानीला गेली. चकाचक पंप, उजेडच उजेड. तिनं नोझल घातलं, दाबलं.

खट्!

हिल्का दचकली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिनं चोरट्या नजरेनं इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या रांगेत एक ओळखीची हिरवी गाडी उभी होती. तिकडूनही आवाज येत होता. खट्, खट्. गाडीशेजारी आर्मास, कानापर्यंत लाल झालेला.

दोघांची नजरानजर झाली.

"हवा बरी आहे," आर्मास म्हणाला.

"बरी आहे," हिल्का म्हणाली.

खट्.

"एल्क मिळाला का?"

"एक मिळाला."

खट्, खट्.

"बरं मग," आर्मास म्हणाला आणि अर्ध्या टाकीवरच निघून गेला. तेरी भी चुप, मेरी भी चुप! मला गाडीखाली हसू आवरेना. पण हिल्काला हसू येत नव्हतं. पंप निर्दोष आहे हे आता दोघांनाही कळलं होतं. आणि आर्मास उद्याच्या सभेत तोंड उघडणार नाही, हेही तिला कळलं होतं. सूप पिताना सगळ्यात मोठ्यांदा बोललेला माणूस तोच ना!

ती घरी गेलीच नाही. तडक ओइवाच्या अंगणात जाऊन तिनं गाडी उभी केली. ओइवा लाकडं फोडत होता. त्यानं मान वर केली आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली.

"ओइवा, ऐक. कायानीतही तेच होतं."

कुऱ्हाड वरच राहिली.

"तुझ्या पंपाचा दोष नाही. मी उगीच बोलले. बोलले ते बोलले, आता काय तोंड शिवून घेऊ? चल, गाडी बघ."

ओइवानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. हात पुसले. मग तो टाकीच्या झाकणापाशी गेला आणि त्यानं ते सावकाश फिरवलं. स्स्स्स, असा आवाज बराच वेळ येत राहिला. टाकी बाहेरची हवा घटाघटा आत घेत होती.

"हं," ओइवा म्हणाला.

"हं म्हणजे काय? माणसासारखा बोल की!"

"कोंडलीय. श्वास घेता येत नाही तिला."

त्याचा चेहरा बदलला. इतके दिवस तो पंप खोलत होता, गाडीकडे त्याला कुणी बघूच दिलं नव्हतं, आणि रागापोटी त्यानंही बघितलं नव्हतं. आता तो कामाला लागला. आधी गाडीचं तोंड तपासलं, बॅटरी लावून आत डोकावला. कुठे चेपलेलं नव्हतं, काही अडकलेलं नव्हतं. मग मागचं चाक काढलं आणि आडोशाचा पत्रा सोडवला. आणि मित्रांनो, एस्को गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्यावर माणसाची नजर पडली.

त्यानं मला डब्यापासून सोडवलं आणि त्या टोकानं फुंकर मारली. माझ्यातून काही बाहेर आलं नाही. त्याचे गाल फुगले, डोळे बाहेर आले, तरी नाही. मग त्यानं माझं दुसरं टोक नाकाशी नेलं.

किती वेळ तो हुंगत होता कुणास ठाऊक. हिल्कालाही वास आला असणार, कारण तीही वाकून हुंगू लागली.

"आजोबांचं डांबर," ओइवा म्हणाला.

"अरे देवा."

"मी सगळ्यांना फवारलं, हिल्का. सगळ्या गावाला." तो जमिनीवर फतकल मारून बसला. "पंप वाईट म्हणत होते ते परवडलं. आता मीच वाईट निघालो."

मला त्याची फार दया आली. सगळ्यांच्या गाड्या टिकाव्यात म्हणून या माणसानं गाडीखाली दिवसभर पाठ मोडली होती, आणि फळ काय मिळालं? हिल्का त्याच्याशेजारी बसली. थंड जमिनीवर, गुडघे दुखत असताना.

"तू गप्प बस उद्या," ती म्हणाली. "तुला तसंही तेच जमतं. आधी मी बोलणार."

ओइवानं गाडीला नवी नळी बसवली आणि मला खिशात घातलं. माझी नोकरी अशी डांबराच्या घासापायी संपली. तेव्हा वाईट वाटलं, पण फार वेळ वाटायला फुरसत मिळाली नाही.

रविवारी दुपारी ग्रामसंघाच्या खोलीत सगळे जमले. वेलदोड्याचे गोड पाव आणि कॉफी मांडली होती. सगळे कपात बघत होते. तूलिक्कीनं चष्मा लावला. "पंपाबद्दल कुणाला काही बोलायचंय?"

कुणालाच नव्हतं. हाताची घडी तोंडावर बोट! मी ओइवाच्या खिशात होते. कुणी बोललं नसतं तर लगेच मतदान झालं असतं, आणि ते कुठल्या बाजूला जाणार हे स्वच्छ दिसत होतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हिल्का उठली. ती साऱ्या जन्मात सभेत कधी उभी राहिली नव्हती.

"काल मी कायानीला पेट्रोल भरलं," ती म्हणाली. "तिथेही माझी गाडी खटखटली. त्या दिवशी सूप पिताना मी पंपाला नावं ठेवली, ते चुकीचं होतं. एवढंच."

ती बसली. तिनं आर्मासचं नाव घेतलं नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नुसती पावाचा तुकडा मोडत राहिली. आणि आर्मास? त्याच्या खुर्चीचा एक करकर आवाज, मग दुसरा.

"माझीही," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल," तूलिक्की म्हणाली. "एरवी तुझा आवाज तळ्यापलीकडे जातो."

"माझीही खटखटली!" आर्मास गरजला. "कायानीत! दोनदा गेलो, दोन्ही वेळा!"

मग मागच्या बाकावरून कुणीतरी "आमचीही" म्हणालं. खिडकीपाशी बसलेल्या बाईनं हात वर केला. मग तिच्या नवऱ्यानं केला, आणि तिनं त्याच्याकडे वळून विचारलं, "तू मला का नाही सांगितलंस?" "तू तरी कुठे सांगितलंस?" तो म्हणाला. एकेकाचं तोंड उघडत गेलं. जो तो शहरात जाऊन आला होता, ज्याला त्याला तेच दिसलं होतं, आणि जो तो आपल्या एकट्याचीच गाडी बिघडली असं समजून मूग गिळून बसला होता. तूलिक्कीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कबूल केलं की तिचीही.

तेव्हा ओइवानं मला खिशातून काढलं आणि पावांच्या ताटाशेजारी ठेवलं. सगळ्या गावाचे डोळे माझ्यावर. मी लाजले.

"मी यंदा मेणात डांबर घातलं," तो म्हणाला. "त्यानं गाड्यांची नाकं बुजली. माझी चूक. साफ करून देतो, सगळ्यांच्या." थोडं थांबून त्यानं पुढे जोडलं, "पण पंपाला बंद करू नका. त्यानं काही केलेलं नाही."

तूलिक्कीनं विचारलं, "मग पंपाविरुद्ध कुणाची तक्रार?"

"पंपाविरुद्ध नाही," आर्मास म्हणाला. "डांबराविरुद्ध थोडी आहे."

आधी एक जण हसला. मग सगळे हसले. हसणं इकडे महाग असतं, पण त्या दिवशी कुणी हात आखडता घेतला नाही. मतदान झालं ते हसता हसताच, आणि पंप राहिला. ओइवा मात्र हसत नव्हता. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि बाहीनं डोळे पुसत होता. आर्मास त्याच्याजवळ गेला, त्यानं ओइवाच्या पाठीवर एक दणका दिला आणि म्हणाला, "चल, आधी माझी गाडी. मी फार बोललो होतो."

मग काय, सगळं गाव अंगणात! थंड जमिनीवर पोती अंथरली, जॅक लागले, चाकं निघाली. तारा, सळया, जुन्या सुया, हाती येईल ते घेऊन माणसं गाडीखाली शिरली. नुसते पाय दिसत होते. "निघाला का?" "निघाला, केवढा गोळा!" मी टेबलावर एकटी राहिले होते, पण हिल्का मला विसरली नाही. तिनं मला रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकलं आणि पंपावर नेलं.

रांगेत पहिली गाडी तिचीच होती. आदल्या दिवशी शहरात अर्धवटच भरलं होतं ना! ओइवा दारात उभा राहिला. तिनं नोझल घातलं आणि दाबलं. पेट्रोल धो धो आत गेलं. तिच्या मागे सगळं गाव श्वास रोखून उभं होतं. टाकी काठोकाठ भरली, तेव्हा एकच खटका वाजला. हिल्कानं नोझल जागेवर ठेवलं, खिशातला फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मुलाला लावला.

"अरे, फ्लॅटचं राहू दे," ती म्हणाली. "पंप आहे. मी आहे."

मित्रांनो, आता ओइवा फवारणीआधी प्रत्येक गाडीचं नाक शोधून त्यात लाकडी बूच बसवतो आणि काम झालं की मोजून काढतो. मोजायचं विसरू नये म्हणून त्यानं मला खिळ्यावर टांगलंय. येणारेजाणारे माझ्याकडे बघून विचारतात, ही कोण? मग ओइवा सांगतो, आणि हल्ली तो बऱ्यापैकी लांबवून सांगतो.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. वस्तू असो, माणूस असो, जीव लावा, पण त्याला श्वास घ्यायला जागा ठेवून लावा. काही अडलं असेल तर बोला, कदाचित शेजारच्याचंही तेच अडलेलं असेल. आणि कधी पेट्रोल भरताना नोझल सारखं बंद पडायला लागलं, तर पंपवाल्यावर डाफरण्याआधी घरच्या मोठ्यांना गाडीखाली वाकून बघायला सांगा. तिथे माझी एखादी बहीण तोंड दाबून बसली असेल. तिला बोलता येत नाही.